दिवाळीत शब्द द्या, पिल्लू संक्रांतीनंतर आणा

दिवाळीच्या सुट्यांत मामाच्या गावी आलेलं लेकरू एक हट्ट हमखास धरतं. "मामा, मले एक पिल्लू दे ना!" मामाला नाही म्हणवत नाही. गल्लीत कुठे ना कुठे कुत्री व्यालेली असतेच. मग भाऊबीज झाली की खोक्यात घातलेलं, धड चालताही न येणारं पिल्लू एसटीच्या सीटखालून दुसऱ्या गावाला निघतं. एखादे काका नागपूर-अमरावतीहून झुबकेदार केसांचं महागडं पिल्लू वाढदिवसाला आणतात. कुणी आठवडी बाजारातून गुलाबी-हिरवी रंगवलेली कोंबडीची पिल्लं आणतं. देणाऱ्याचं मन मोठंच असतं. पण त्यातली बरीच पिल्लं होळीपर्यंत टिकत नाहीत, आणि टिकलेल्यांपैकी काही पुढे फाट्यावरच्या ढाब्याजवळ सोडून दिलेली सापडतात.

हे टाळता येतं, आणि त्यासाठी लेकराचं मन मोडावं लागत नाही. पिल्लू द्यायचंच असेल तर कधी, कुणाला विचारून, आणि आणल्यावर पहिल्या वर्षात काय काय करायचं, ते इथे क्रमाने लिहिलं आहे. भर कुत्र्यावर आहे, कारण आपल्याकडे भेट म्हणून तेच सर्वात जास्त दिलं जातं. मांजराचं जिथे वेगळं आहे तिथे तसं सांगितलं आहे.

दिवाळीत का नको

आपल्या विदर्भात दिवाळी म्हणजे कापसाच्या वेच्याचा भर. सोयाबीन नुकतंच निघालेलं, सीतादही (वेच्याआधीची वावरातली पूजा) करून पहिला वेचा सुरू झालेला, घरातली बाईमाणसं सकाळी डबा बांधून वावरात जातात ती दिवेलागणीला परततात. दोन महिन्यांच्या पिल्लाला दिवसातून चार वेळा खायला लागतं. घराला कुलूप असताना ते देणार कोण? त्यात नवीन घर, आई जवळ नाही आणि चार दिवस फटाके. त्या आवाजाने धसकलेलं पिल्लू कणगीमागे जाऊन बसतं आणि दोन दिवस पाण्यालाही बाहेर येत नाही.

दुसरं कारण जास्त मोठं आहे. गावठी कुत्री प्रामुख्याने भादव्यात माजावर येतात, हे आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे. कुत्री साधारण ६३ दिवस गाभण राहते. म्हणजे बहुतेक पिल्लं कार्तिकाच्या आसपास जन्मतात. भाऊबीजेला हातात येणारं पिल्लू त्यामुळे पुष्कळदा दोन-तीन आठवड्यांचंच असतं. पिल्लाने किमान आठ आठवडे आईजवळ राहायला हवं. रोगाशी लढण्याची पहिली ताकद त्याला आईच्या चिकातून आणि दुधातून मिळते. चावा किती जोराने घ्यायचा नाही, हे ते भावंडांशी मस्ती करताना शिकतं. फार लवकर तोडलेलं पिल्लू पुढे भित्रं तरी होतं किंवा चावरं तरी. दुकानदारांसाठीच्या २०१८ च्या पेट शॉप नियमांतही आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला मनाई आहे.

आता हिशेब मांडा. कार्तिकातलं पिल्लू आठ आठवड्यांचं होतं ते पौषात, म्हणजे संक्रांतीच्या सुमारास. तोवर वेच्याची घाई बरीच ओसरलेली असते, घरात माणूस सापडतं, आणि उन्हाळा तापायला अजून दोन-अडीच महिने असतात. तेवढ्या काळात लसींचे सुरुवातीचे डोस बसतात. म्हणून माझं म्हणणं सरळ आहे: दिवाळीत लेकराला शब्द द्या, पिल्लू संक्रांतीनंतर आणा.

आधी त्या घरच्या बाईला विचारा

लेकराला विचारायची गरज नाही, ते हो म्हणणारच. विचारायचं ते त्याच्या आईला आणि आजीला. पिल्लाचं हगणं-मुतणं काढणं, दूध गरम करणं, रात्री कुईकुई करतंय म्हणून उठणं, हे सगळं फिरून त्यांच्याच वाट्याला येतं. "आधीच कामानं जीव चालला भाऊ, आन् हे आनखी कोन पाहीन?" असं वहिनी म्हणाली, तर तिथेच थांबा. तो नकार मानायचा. गुपचूप आणून दारात ठेवलं की ती नाही म्हणू शकत नाही, आणि मग ओझं तिचं होतं.

ती तयार असेल तर सगळ्यांनी मिळून बसून या गोष्टी ठरवाव्यात. वावराच्या दिवसांत दुपारचं खाणं कोण देणार? लग्नाला किंवा यात्रेला चार दिवस सगळे गेले तर शेजारचं कोण पाहणार? जनावरांचा दवाखाना किती लांब, आणि तिथे नेणारं कोण? लसी, जंताचं औषध, नसबंदी यांचा खर्च कुणाचा? घरात दम्याचं किंवा कुत्र्याची फार भीती असलेलं कुणी आहे का? भाड्याचं घर असेल तर घरमालक काय म्हणतो?

आणि वयाचा हिशेब. नीट सांभाळलेलं कुत्रं दहा ते चौदा वर्षं जगतं. बारा वर्षं धरली आणि दिवसाला दोन वेळचं खाणं धरलं तरी ८,७६० वेळा कुणीतरी त्याची थाळी भरायची आहे. आज आठ वर्षांचं असलेलं पोरगं दहा वर्षांनी बारावी होऊन अमरावतीला किंवा नागपूरला खोली करून राहील. कुत्रं तेव्हाही घरीच असेल, म्हातारं झालेलं. त्या दिवशी ते कुणाचं असेल, याचं उत्तर आजच मिळायला हवं.

लेकरांना काम जरूर द्या, पण वयाला शोभेल असं. सहा-सात वर्षांचं पोर पाण्याचं भांडं धुऊन भरू शकतं. दहा-बाराचं खाणं देऊ शकतं, केस विंचरू शकतं, गोचीड शोधू शकतं. तरी जबाबदार माणूस मोठंच हवं, आणि ते एकच हवं. "सगळे मिळून पाहू" म्हटलं की कुणीच पाहत नाही.

काय आणायचं, काय नाही

पोपट आणू नका. पिंजऱ्यातला मिठ्ठू कित्येक घरांत पिढ्यान्‌पिढ्या टांगलेला दिसतो, पण आपल्याकडचे पोपट वन्यजीव (संरक्षण) कायदा, १९७२ खाली संरक्षित आहेत. त्यांना पकडणं, विकणं आणि पाळणं हा गुन्हा आहे. पाठीवर चांदण्या असलेलं कासव, मुनिया, ससा म्हणून जंगलातून धरून आणलेलं पिल्लू, यांचंही तेच. बाजारात कुणी विकतोय म्हणून ते कायदेशीर होत नाही.

रंगीत कोंबडीची पिल्लं लेकरांना फार आवडतात, त्यामुळे त्यांच्याबद्दल जरा थांबून सांगावंसं वाटतं. अंडी देणाऱ्या जातींत नर पिल्लाचा व्यावसायिकाला उपयोग नसतो. तीच पिल्लं रंगात बुडवून जत्रेत आणि बाजारात स्वस्तात विकली जातात. पहिल्या आठवड्यात कोंबडीच्या पिल्लाला साधारण ३५ अंश सेल्सिअसची ऊब लागते, पुढे दर आठवड्याला ती थोडी थोडी कमी करत जायची असते. गावठी कोंबडी पंखाखाली घेऊन ही ऊब देते. खोक्यातल्या पिल्लाला ती मिळत नाही. दिवाळीनंतरच्या थंडीत रात्री ती एकमेकांवर चढून ऊब शोधतात आणि खालची गुदमरतात. सकाळी लेकरू खोकं उघडतं तेव्हा काय दिसतं, ते त्याला समजावणं अवघड आहे. ज्यांच्या घरी खुडूक कोंबडी आहे, डालं आहे आणि कोंबड्या सांभाळायची सवय आहे, त्यांनी साधी, न रंगवलेली पिल्लं आणावीत. बाकीच्यांनी घेऊ नयेत. मागणी थांबल्याशिवाय हा व्यापार थांबणार नाही.

कुत्र्यांत जाड केसांच्या, थंड मुलखातल्या जाती आपल्याकडे आणणं हा त्या जनावरावर अन्याय आहे. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला, नागपूर इथे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. ते जिभेवाटे, धापा टाकून उष्णता बाहेर टाकतं. चपट्या नाकाच्या पगसारख्या कुत्र्याला तेही नीट जमत नाही. कूलरसमोर ठेवू म्हणाल, पण दुपारी लाइन गेली की काय? आपलं गावठी कुत्रं आखूड केसांचं, या उन्हातच पिढ्यान्‌पिढ्या घडलेलं. घराची राखण करतं, जागलीला (रात्री पिकाच्या राखणीला) सोबत येतं, लेकरांत रमतं. विकत आणायचीही गरज नाही, गल्लीत एखाद्या आडोशाला ते आधीच जन्मलेलं असतं.

मांजर हवी असेल तर तीही गल्लीतलीच घ्या. कणगीतले उंदीर राखायला तिच्याइतकं चांगलं कुणी नाही, आणि मांजर असली की उंदराच्या विषारी गोळ्या टाकायची वेळही कमी येते.

दिवाळीच्या दिवशी हातात काय द्यायचं

लेकराला रिकाम्या हाताने शब्द दिला तर त्याला तो खरा वाटत नाही. म्हणून एक पिशवी तयार करा. त्यात एक जड बुडाचं पाण्याचं भांडं, एक खाण्याची थाळी, मऊ पट्टा आणि साखळीऐवजी सुती दोरी, जुन्या गोधडीचा तुकडा, आणि एक दोनशे पानी वही घाला. वहीच्या पहिल्या पानावर लिहा: "पिल्लू संक्रांतीनंतर येईल." खाली मामाची सही. आपल्याकडे पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलालासुद्धा "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या" असं सांगून ठेवतात. पिल्लाचंही आवतन आधी, येणं नंतर.

मधल्या दोन महिन्यांत लेकराला कामाला लावा. नाव ठरवणं, झोपायची जागा शोधणं, दवाखान्याचा वार आणि वेळ विचारून वहीत लिहिणं. हे करताना पुष्कळदा त्याचा हट्ट खरा होता की चार दिवसांचा, तेही कळून येतं. उत्साह ओसरला तर पिशवी शेजारच्या पोराला द्या. कुणाचं काही बिघडलं नाही.

देणाऱ्याने अजून एक करावं. पिल्लाच्या पहिल्या वर्षाच्या लसींचा आणि नसबंदीचा खर्च पाकिटात घालून द्यावा. माझ्या मते खरी भेट तीच आहे.

पिल्लू निवडायला दोनदा जा

पहिल्यांदा पिल्लं चार-पाच आठवड्यांची असताना जा. आई दिसली पाहिजे. ती बुजरी आहे की माणसाळलेली, ते पाहा. पिल्लांत बऱ्यापैकी तिचा स्वभाव उतरतो. दुसऱ्यांदा आठ आठवड्यांनी जा. डोळे स्वच्छ, नाक वाहत नाही, शेपटीखाली घाण चिकटलेली नाही, आणि थोडं लांब बसून चुटकी वाजवली की वळून पाहणारं, हळूच जवळ येणारं पिल्लू घ्या. पोट ढोलासारखं फुगलेलं आणि फासळ्या मोजता येतात, असं असेल तर जंत आहेत. त्याला नाकारायचं कारण नाही, फक्त आधी औषध.

नर की मादी यावर गावात फार वाद होतात. मादीला पिल्लं होतात म्हणून तिला कुणी घेत नाही, आणि तीच गोणीत भरून नदीकाठी सोडली जाते. नसबंदी करणार असाल तर मादी तितकीच चांगली, बहुधा घराला जास्त धरून राहणारी.

आणण्याचा दिवस आणि पहिला आठवडा

सकाळी आणा, म्हणजे अंधार पडायच्या आत त्याला घर हुंगून ओळखीचं होईल. निघण्यापूर्वी दोन तास खायला देऊ नका, नाही तर एसटीत किंवा गाडीवर ओकेल. आई आणि भावंडं ज्या गोणपाटावर झोपत होती त्याचा एक तुकडा सोबत घ्या. त्या वासाने पहिली रात्र निभते. झोपायची जागा ओसरीवर नको, माणसं झोपतात त्या खोलीच्या कोपऱ्यात द्या. पौषातल्या पहाटे आपल्याकडे चांगलीच थंडी असते.

पहिल्या आठवड्यात पाहुणे बोलवून सगळ्यांच्या हातून हातात फिरवू नका. उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळल्यावर लगेच परसात न्या. जमिनीवर केलं की शाबासकी द्या. घरात केलं तर पुसून टाका. नाक घासणं, मारणं याने ते फक्त तुमच्यापासून लपून करायला शिकतं. आणि साधारण तीन महिन्यांचं होईतो त्याला बैल, कोंबड्या, ट्रॅक्टरचा आवाज, टोपीवाला म्हातारा, पावसाळी छत्री, सगळं लांबून पण शांतपणे दाखवा. या वयात जे ओळखीचं होतं त्याची मोठेपणी भीती राहत नाही.

खाणं

दूध-पोळी एवढ्यावर कुत्रं जगतं, पण वाढत नाही. वाढत्या पिल्लाला मांसाहाराचं किंवा अंड्याचं प्रथिन लागतं. भात किंवा भाकरीत उकडलेलं अंडं, पाण्यात उकळलेलं चिकन किंवा कलेजी, थोडं वरण, थोडा भोपळा, असं चालतं. मीठ-मसाला घालायच्या आधी त्याचा वाटा बाजूला काढा. दोन-तीन महिन्यांपर्यंत चार वेळा, सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा, नंतर दोन वेळा.

कांदा आणि लसूण कुत्र्या-मांजरांच्या रक्तपेशी फोडतात. म्हणजे आपला उरलेला रस्सा, ज्याच्या वाटणात मूठमूठ कांदा-लसूण असतो, तो त्यांच्यासाठी अन्न नाही. शिजवलेली कोंबडीची हाडं टोकदार फुटतात आणि आतडं फाडू शकतात. मनुका, द्राक्षं, चॉकलेट नको. दिवाळीच्या फराळाची थाळी खाली ठेवू नका, त्यातल्या चिवड्यात मनुका असतात. मांजरीला तापाची पॅरासिटामॉलची गोळी चुकूनही देऊ नका. एक गोळीसुद्धा तिचा जीव घेऊ शकते.

लसी आणि जंत

जंताचं औषध पिल्लू दोन-तीन आठवड्यांचं असल्यापासून दर पंधरा दिवसांनी, तीन महिन्यांनंतर सहा महिन्यांपर्यंत महिन्याला एकदा, पुढे दर तीन महिन्यांनी. डोस वजनावर असतो. कुत्र्याच्या गोल जंतांची अंडी मातीतून लेकरांच्या तोंडात जातात, त्यामुळे हे औषध तुमच्या मुलांसाठीही आहे.

सहा ते आठ आठवड्यांनी पार्वो आणि डिस्टेंपर या विषाणूजन्य रोगांची एकत्रित लस, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतराने पुढचे डोस. पार्वोत रक्ताचे जुलाब आणि उलट्या होऊन पिल्लू दोन-तीन दिवसांत जातं. डिस्टेंपर आपल्यासाठी आणखी एका कारणाने महत्त्वाचा आहे. ताडोबा, पेंच, मेळघाट, नागझिरा यांच्या कडेची गावं म्हणजे कुत्र्यांचं आणि वाघ-बिबट्यांचं रोजचं शेजार. हा विषाणू कुत्र्यातून जंगली प्राण्यांत जाऊ शकतो. २०१८ मध्ये गीरमध्ये थोड्या दिवसांत अनेक सिंह मेले, तेव्हा त्यांच्यात हाच विषाणू सापडला होता.

रेबीजची लस पिल्लू तीन महिन्यांचं झाल्यावर. बूस्टर डॉक्टर सांगतील त्या तारखेला, आणि मग दरवर्षी, न चुकता.

गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कुत्र्याची लस दर वेळी असेलच असं नाही, त्यामुळे आधी फोन करा. मेडिकलमधून आणावी लागली तर ती २ ते ८ अंशांतच राहायला हवी. थर्मासमध्ये बर्फ, वर कापडाची घडी आणि त्यावर बाटली. बर्फाला थेट चिकटून गोठली तरी ती वाया जाते. रात्रभर घरच्या फ्रिजमध्ये ठेवू नका, लाइन कधी जाईल सांगता येत नाही. घेतली की तडक दवाखान्यात. कार्डावर सही-शिक्का घ्या, आणि बाटलीवरचं लेबल कार्डावर चिकटवून मागा. नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय, अकोल्याची पदव्युत्तर पशुवैद्यक संस्था आणि जिल्ह्याच्या ठिकाणचं पशुसर्वचिकित्सालय, ही मोठ्या उपचारांची ठिकाणं लक्षात असू द्या. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा टोल फ्री क्रमांक आहे.

नसबंदी, सहाव्या महिन्याच्या सुमारास

संक्रांतीला आणलेलं पिल्लू उन्हाळा संपता संपता सहा महिन्यांचं होतं, आणि पुढच्या भादव्यापर्यंत माजावर येऊ शकतं. त्याच्या आत शस्त्रक्रिया उरकलेली बरी. मांजर तर चार-पाच महिन्यांतही गाभण राहू शकते, तिच्या बाबतीत चालढकल अजिबात नको. "एकदा तरी पिल्लं होऊ द्यावीत" असं आजी म्हणते, तिला आदराने सांगा की तशी काही गरज जनावराच्या शरीराला नसते, आणि त्या पाच-सहा पिल्लांना घरं कोण शोधणार? २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार पाळीव प्राण्याचं जंत-औषध, लसीकरण आणि नसबंदी ही मालकाची जबाबदारी आहे.

शस्त्रक्रियेनंतरचे दहा-बारा दिवस गावात सांभाळायला कठीण. कोठ्याजवळ, म्हणजे गुरांच्या गोठ्याजवळ, माश्या फार असतात, आणि जखमेत किडे पडायला एक दिवस पुरतो. म्हणून त्याला पंख्याखाली, धुतलेल्या चादरीवर ठेवा, टाके चाटू देऊ नका, रोज सकाळ-संध्याकाळ जखम पाहा.

वावर, फवारणी आणि रात्र

फवारणीच्या दिवसांत कुत्रं वावरात नेऊ नका. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजूर दगावले, ते आपण विसरलेलो नाही. जे माणसाला होतं ते कुत्र्याला अधिक सहज होतं, कारण ते औषध सांडलेल्या चिखलातून चालतं आणि घरी येऊन पाय चाटतं. गेलंच तर पाय आणि पोट साबणाने धुवा. तोंडाला फेस, थरथर, आकडी दिसली तर दूध, तेल, मिठाचं पाणी काहीही पाजू नका. डब्याचं लेबल सोबत घ्या आणि दवाखाना गाठा.

बैलाला लावायचं गोचिडाचं औषध मांजरीला लावू नका. परमेथ्रिनसारखी द्रव्यं मांजरीला मारतात. कुत्र्यालाही डॉक्टरांनी सांगितलेलं आणि त्याच प्रमाणात. पावसाळ्यात रोज कानांच्या आत, बोटांच्या फटीत, पट्ट्याखाली हात फिरवून गोचीड काढा. हिरड्या पांढरट, ताप, खाणं बंद, असं दिसलं तर गोचीड-ताप असू शकतो.

जंगलाकडेच्या गावात कुत्रं रात्री अंगणात बांधून ठेवू नका. बिबट्याला ते सोपं भक्ष्य आहे, बांधलेल्याला पळताही येत नाही, आणि त्या वासावर बिबट्या लेकरं झोपतात त्या दारापर्यंत येतो. आत घ्या, दार लावा. जागलीला नेत असाल तर दोरीवर ठेवा, कुणी कुंपणात करंट सोडलेला असू शकतो.

उन्हाळ्यात फिरवणं पहाटे आणि रात्रीच. पाण्याची दोन भांडी सावलीत ठेवा, एक लवंडलं तरी दुसरं असतं. जीभ गडद लाल, चालताना झोकांड्या, डोळे थिजलेले, ही उष्माघाताची लक्षणं. साधं पाणी अंगावर ओता, पंखा लावा, थोडं थोडं पाणी पुढे करा आणि दवाखान्यात न्या. बर्फात बुडवू नका.

चावलं किंवा ओरबाडलं तर

घरचं असो की बाहेरचं, पिल्लू असो की मोठं, जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा. घड्याळ लावून. हळद, चुना, तिखट, तेल काहीही भरू नका, घट्ट बांधू नका. मग प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालय. सरकारी दवाखान्यात कातडीत देतात त्या पद्धतीने रेबीजची लस चार वेळा असते, पहिली लगेच, मग त्या दिवसापासून तीन, सात आणि अठ्ठावीस दिवसांनी. रक्त आलं असेल तर जखमेत सीरमही (लगेच संरक्षण देणारं इंजेक्शन) लागतं, ते स्वतःहून विचारा. शेवटची सुई चुकवू नका. रेबीजची लक्षणं दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, त्याच्या आधीची लस मात्र वाचवते. गंडेदोरे, झाडपाला करणाऱ्याकडे जाण्यात गेलेला दिवस परत मिळत नाही. कुत्र्याला मारू नका, दहा दिवस त्याच्यावर नजर ठेवा. पण तेवढ्यासाठी लस थांबवू नका.

नाहीच जमलं तर

घरात आजारपण येतं, कामासाठी पुण्याला जावं लागतं, परिस्थिती बदलते. त्यात लाज नाही. पण फाट्यावर, ढाब्यावर, जंगलात सोडून देणं हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा, १९६० खाली गुन्हा आहे. त्यातला दंड पहिल्या वेळी ५० रुपयांपर्यंतच, म्हणजे कायद्याच्या धाकावर फार विसंबता येत नाही. ज्याने पिल्लू दिलं त्याने देतानाच सांगून ठेवावं: "नाही जमलं तर मले फोन करजा, मी घेऊन जाईन." दिल्यापासून पंधरा दिवसांनी एक फोन त्याने स्वतःहून करावा. अडचणी याच काळात उघड होतात, आणि अर्ध्या तर बोलण्यावर सुटतात.

नवं घर शोधायचं तर आधी ओळखीत, मग दूधवाला, शाळेतले गुरुजी, दवाखान्यातले डॉक्टर यांच्याकडे शब्द टाका. एकदा जाऊन घर पाहा. कुत्र्यासोबत त्याची थाळी, गोधडी आणि लसीचं कार्ड द्या. ते कशाला घाबरतं, काय खातं, कोणत्या नावाला वळतं, हे वहीतला कागद फाडून त्यावर लिहून द्या. आणि निघण्यापूर्वी रेबीजच्या पुढच्या लसीची तारीख नव्या घरच्या माणसाच्या मोबाइलमध्ये तुमच्या हातानेच टाकून द्या.